उतरलेल्या भावाची खोली

आमच्या भाऊजींना एका जागी बूड टेकवून बसलेलं मी फक्त गाडीत बघितलंय, आणि तिथेही त्यांचा पाय स्वस्थ नसतो. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मोटार शिकवण्याचा धंदा. शिकवणीच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढेही एक जास्तीचा ब्रेक असतो, त्यावर पाय ठेवून त्यांनी आयुष्य काढलं. घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघतानासुद्धा पडद्यावरची गाडी जोरात आली की यांचा पाय दाबला जातो. गल्लीतली पोरंटोरं त्यांना ब्रेकमास्तर म्हणतात. पण कुठे भाव उतरताना दिसला की या माणसाला स्वतःला ब्रेक नाही.

लग्नानंतर त्यांनी पलंग घेतला होता. चांगला, उशाशी कप्पे असलेला. तो घरी पोचायच्या आत तसाच पलंग दुसऱ्या दुकानात स्वस्त मिळतोय असं त्यांच्या कानावर आलं. झालं. पहिला रद्द केला. दुसऱ्या दुकानदाराने सांगितलं, थोडं थांबा, सेल लागणार आहे. थांबले. सेल लागला, पण भाऊजींना वाटलं, अजून उतरेल. ताई नवी नवरी, आणि जमिनीवर गादी टाकून झोपतेय. शेवटी आमची आई भेटायला आली, तिला गादीवरून उठताना कुणाला तरी हात द्यावा लागला, तेव्हा कुठे पलंग आला. त्याचा भाव पहिल्यापेक्षा जास्त होता, हे ताई अजून हसत सांगते. मला कधीच हसू आलं नाही.

त्यांना कंजूष म्हणता येणार नाही, ते मीही कबूल करते. कोणाला गरज लागली तर खिशातलं काढून देतील. त्यांचा रोग वेगळा आहे. घेतलेली वस्तू आपण जास्त पैसे देऊन घेतली की काय, ही एकच शंका त्यांना जगू देत नाही. वस्तू घरात येते, बाकीचे ती वापरायला लागतात, आणि हे मात्र अजून दुकानातच उभे असतात.

ताई त्यांच्या अगदी उलटी. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात कपड्यांच्या खोलीत कामाला होती. धुऊन आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट तपासायचे, फाटलेलं मशीनवर शिवायचं, गठ्ठे बांधून वर पाठवायचे. खोलीला खिडकी नाही. दिवसभर ट्यूबलाइट. बाहेर पाऊस आहे की ऊन, हे तिला वरून गठ्ठे न्यायला येणाऱ्या बायकांच्या चपलांवरून कळायचं. मी औषधाच्या दुकानात काउंटरला उभी असते, माझ्यासमोर निदान रस्ता तरी असतो. ताईसमोर आयुष्यभर भिंत होती, आणि तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

म्हणून ती निवृत्त झाली आणि भाऊजींनी विचारलं, "बोल, काय हवंय तुला?" तेव्हा तिने पटकन उत्तर दिलं याचंच मला नवल वाटलं. बहुधा ते कधीचं तयार होतं.

"मोठ्या जहाजातून जायचंय," ती म्हणाली. "पण मला खिडकी पाहिजे. पलंगावर पडल्या पडल्या समुद्र दिसला पाहिजे. बाकी खायला काय देतात, नाच आहे की गाणं, मला काही पडलेलं नाही."

मग दोघं प्रवासाच्या ऑफिसात गेली. तिथल्या बुकिंगवाल्या मुलीने जहाजाचा नकाशा पुढे ठेवला. प्रत्येक मजल्यावर मुंगीएवढ्या चौकोनी खोल्या. ताईने चष्मा चढवून बराच वेळ बघितलं, आणि जहाजाच्या मधोमध एका खोलीवर बोट ठेवलं. मुलगी म्हणाली, "छान निवडलीत. समोर काही नाही, नुसतं पाणी." ताईला त्या खोलीचा नंबर पाठ झाला. भाजी निवडताना ती तो पुटपुटायची, आणि मी चिडवलं की लाजायची.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण जहाजाच्या तिकिटाचा भाव रोज हलतो, हे भाऊजींना कोणीतरी सांगितलं. आणि नुसतं तेवढंच नाही. शेवटचा हप्ता भरायच्या आधी भाव उतरला, तर आपण फोन करून नव्या भावाने तिकीट करून मागू शकतो. हप्ता भरून झाला असेल तर पैसे परत देत नाहीत, पण मागे लागलं तर कंपनी कधी कधी क्रेडिट देते. क्रेडिट म्हणजे जहाजावर खर्च करायचे पैसे. ते हातात मिळत नाहीत, घरी आणता येत नाहीत, जहाजावरून उतरलं की संपले. हे ऐकल्यापासून भाऊजींच्या पायाला भिंगरी लागली.

सकाळी दात घासता घासता भाव बघणार. एक शिकवणी संपली की दुसरा विद्यार्थी येईपर्यंत गाडीच्या टपावर मोबाइल ठेवून बघणार. एकदा तर एका बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवताना यांचं लक्ष मोबाइलकडे, आणि गाडी कुंपणाला. "मास्तर, ब्रेक तुमच्याकडे होता ना?" असं त्या बाईंनी विचारलं म्हणे. बुकिंगवालीला यांचा नंबर दिसला की ती "हॅलो"च्या ऐवजी "आज नाही उतरला" म्हणायची.

पण एकदा खरंच उतरला. भाऊजींनी फोन केला आणि फरकाचे पैसे सोडवून घेतले. त्या दिवशी ते घरात असे वावरत होते की जहाज त्यांनीच बांधलंय. पुढच्या खेपेला भाव तसाच राहिला, पण नव्या गिऱ्हाइकांना क्रेडिट देताहेत असं दिसलं. "मग आम्ही जुने काय पाप केलं?" म्हणून भांडून त्यांनी तेही मिळवलं. मी कौतुक केलं. खोटं कशाला बोलू, मलाही मजा वाटत होती.

ताई मात्र एकदा म्हणाली, "अहो, आता झालं ना स्वस्त? आता हात लावू नका."

"अगं, तुझंच वाचवतोय," भाऊजी म्हणाले.

शेवटचा हप्ता भरायची तारीख अगदी जवळ आली तेव्हा ती मोठी योजना आली. भाडं कमी, क्रेडिट भरघोस, आणि वर त्याच खोलीत तिसरा माणूस फुकट. अट एकच. आपण निवडलेला खोलीचा नंबर सोडायचा, आणि कंपनी त्याच प्रकारातली जी खोली देईल ती घ्यायची. बुकिंगवालीने दोनदा विचारलं, "तुमच्या मिसेसनी निवडलेली खोली जाईल हं. चालेल ना?"

"खिडकीवालीच मिळेल ना?"

"हो, खिडकी असेल."

"मग झालं तर. खिडकी ती खिडकी."

आणि हे मला कौतुकाने सांगायला आमच्या दुकानात आले. "तिसरा माणूस म्हणजे तू! फुकटात! ताईला सोबत होईल." काउंटरवर दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांच्या देखत टाळी दिली. नंबर सोडल्याचं त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही, ताईला तर नाहीच. मी येणार म्हणून ताईला एवढा आनंद झाला की ती मला चपला घ्यायला बाजारात घेऊन गेली.

निघायचा दिवस तोंडावर आला तेव्हा भाऊजी माझ्या घरी आले. दारातूनच म्हणाले, "जरा हा नकाशा बघ गं. माझ्या डोळ्यांना दिसत नाही नीट." डोळे ठणठणीत आहेत त्यांचे. खोली मिळाली होती, पण नंबर वेगळा. आणि नकाशात त्या खोलीवर एक बारीक खूण होती, जी वरच्या-खालच्या मजल्यांवर कुठेच नव्हती. मी तिथूनच बुकिंगवालीला फोन लावला.

"खिडकी आहे," ती म्हणाली, "पण समोर जीव वाचवायची होडी टांगलेली आहे. म्हणून तर तो भाव होता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊजी खाली बसले, उठले, पुन्हा बसले. मग त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून ऐकलं, "जास्त पैसे घ्या. कितीही घ्या. पण ती पहिली खोली द्या." ती खोली केव्हाच गेली होती. तशी दुसरीही शिल्लक नव्हती. जहाज भरलं होतं.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले. "ऐन वेळी कोणी ना कोणी येत नाहीच. तिथे गेल्यावर बदलून घेतो."

"आणि नाही मिळाली तर?"

"मिळेल गं!"

मी सांगितलं नाही. मला फुकट नेत होते म्हणून माझं तोंड बंद झालं, असं कोणाला वाटलं तर वाटू दे. खरं कारण असं की ताईने बॅग भरून दाराशी ठेवली होती, आणि येता-जाता ती तिला हात लावून जायची. ते बघून माझी जीभ उचलेना. पण त्या दिवसापासून माझ्याही जिवाला चैन नव्हतं. दुकानात एका माणसाने खोकल्याचं औषध मागितलं तर मी पोटदुखीचं दिलं.

बंदरावर जहाज बघितल्यावर ताई नुसती वर बघत उभी राहिली. एखादी वसाहत उभी करावी तसं ते होतं. आत गेल्याबरोबर भाऊजी म्हणाले, "तुम्ही दोघी आधी काहीतरी खाऊन घ्या. खोलीची घाई काय आहे?" आणि लोकांना धक्के देत चौकशीच्या काउंटरकडे पळाले. तिथली रांग वळसे घेत जिन्यापर्यंत आली होती.

ताईने ताटाला हात लावला नाही. "जहाज सुटताना मला पलंगावर असायचंय," ती म्हणाली. "किनारा लांब जाताना बघायचाय. चल ना!"

मी पाणी पिते म्हटलं. मग चप्पल चावतेय म्हटलं. मग माझी कारणं संपली.

लांबलचक कॉरिडॉर. ताई पुढे, मी मागे. जहाजात शिरताना मिळालेल्या खोलीच्या कार्डावरचा नंबर आता कुठे नीट बघून ती थबकली. "हा आपला नंबर नाही," ती म्हणाली. मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकले. तिने माझ्याकडे बघितलं, आणि पुढे काही न विचारता दार उघडलं. खोली लहान, पण नीटनेटकी. पलंगाला लागून मोठी खिडकी, पडदा ओढलेला. ताईने चपला काढल्या, पलंगावर चढली, गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी पडदा सारला.

बाहेर नारिंगी होडी होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसती होडी. तिच्या अंगावरचे खिळे मोजता आले असते. वर आभाळ नाही, खाली पाणी नाही. जहाजाचा भोंगा वाजला, पायाखाली थरथर झाली, आणि खिडकीत काहीसुद्धा हललं नाही.

ताई तशीच बसून राहिली. मी म्हणाले, "ताई, ते बदलायलाच गेलेत." माझा आवाज मलाच ऐकवेना. तिने मान हलवली. रडली असती तर बरं झालं असतं. चादरीचा कोपरा तिने बोटांत धरला होता आणि शिवण तपासत होती.

तेवढ्यात भाऊजी आले. घामाघूम, हातात एक कागद. आधी त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग ताईकडे. त्यांचा चेहरा पडला, हे मी बघितलं. पण पुढच्याच क्षणी तो कागद वर आला.

"खोली नाही म्हणतात. एकही नाही. पण मी सोडलं नाही! चांगला आवाज चढवला. आणखी क्रेडिट दिलं त्यांनी. आधीच्या दुप्पट! तू ऐक तरी, किती मिळाले ते..."

"किती मिळाले ते मला सांगू नका," ताई म्हणाली. आवाज नेहमीचाच, जराही चढलेला नव्हता. "समुद्र किती दिसतो, ते सांगा."

भाऊजींनी कागदाची घडी घातली. मग उघडली. पलंगाच्या या बाजूने गेले, त्या बाजूने गेले. काचेला गाल लावून वर बघितलं, वाकून खालून बघितलं. मला वाटलं, आता कुठली तरी फट शोधून काढतील आणि तिचा भाव सांगतील. फार वेळ लावला त्यांनी. मग पलंगाच्या कडेवर बसले.

"अजिबात नाही," ते म्हणाले.

ताईने खाली उतरून चपला घातल्या, माझा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो. जिने चढत सर्वांत वरच्या मजल्यावर गेलो. कठड्याजवळ दोन खुर्च्या मिळाल्या. किनारा अजून दिसत होता, पण घरं आता ओळखू येत नव्हती. चारी बाजूंनी पाणी, आणि त्यावर ऊन. वाऱ्याने ताईचे केस विस्कटले, तिने ते सावरलेही नाहीत. ती बघत राहिली, आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

भाऊजी काही वर आले नाहीत. खाली त्या खोलीत हा माणूस एकटा बसलाय, तो कागद हातात घेऊन, हे माझ्या डोळ्यांसमोर यायला लागलं. मला त्यांचा भयंकर राग होता, आणि तरीही बसवेना. मी उठले. "बोलावून आणते गं त्यांना. कितीही झालं तरी..."

ताईने समुद्रावरची नजर न काढता माझा पदर धरला आणि मला खाली बसवलं.

"आणशील मग," ती म्हणाली. "आधी मला बघू दे."