चाळीस गावांची लावणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते पेणच्या संगणक केंद्रातल्या सरांचे. शिकवताना ते हात पाठीमागे बांधत, आमच्या कीबोर्डला बोटही लावत नसत.

रोह्याच्या कंपनीतल्या नोकरीच्या परीक्षेला दोनच दिवस उरले होते. मी पीएचपी या संगणकभाषेतल्या प्रोग्रॅममध्ये चाळीस गावांची नावं एकेक ओळ लिहून अ‍ॅरेत, म्हणजे यादीत, भरत होतो.

“काय रे, भाताची लावणी चाललीय?”

“व्हय सर, आमच्याकडं अशीच लावतात.”

सर खो खो हसले. “नावं फाइलीत ठेव. एक लूप फिरव, तीच ओळ पुन्हा पुन्हा चालेल, सगळी भरतील.”

पुढच्या आठवड्यात मी त्यांना पत्र टाकलं: ‘सर, नोकरी लागली. परीक्षेत नावंच भरायची होती. शेजारचा उमेदवार हाताने भरत बसला, त्याची नोकरी हुकली. त्याला आपला पत्ता दिला आहे. सोमवारी येईल. फार घाबरलाय, आधी चहा द्यावा.’