काचेवरचा बुडबुडा आणि आमचे नाना

आदरणीय प्रा. रघुनाथ भदाणे सर साठ वर्षांचे झाले, यावर आम्हा विद्यार्थ्यांचा अजून विश्वास बसत नाही. धुळ्याच्या आमच्या महाविद्यालयात त्यांना ‘सर’ फक्त कार्यालयातली मंडळी म्हणतात. आमचे ते नाना. या गौरवग्रंथात मोठमोठ्या प्राध्यापकांच्या पंगतीत माझ्यासारख्या पिंजाऱ्याच्या मुलीला पान मिळालं, ते नानांच्याच हट्टामुळे. तेव्हा लेख लांबला तर दोष त्यांचा!

नानांशी माझी पहिली ओळख हुज्जत घालण्यातून झाली. बारावीला विज्ञान घेऊन मी एकदा सपशेल आपटले होते. दुसऱ्यांदा परीक्षा देऊन कशीबशी सुटले आणि मराठी घेऊन बी.ए.ला आले. तर नव्या नियमाने दुसऱ्या शाखेचा एक विषय सक्तीचा, आणि माझ्या वाट्याला आला ‘पेशींची ओळख’. पहिल्याच तासाला मी उभी राहून म्हणाले, “सर, मला मराठीची शिक्षिका व्हायचंय. मला पेशी कशाला?” नाना शांतपणे म्हणाले, “तू त्यांचीच बनलेली आहेस म्हणून, माय. बस खाली.” वर्ग खदखदून हसला. मी फुगून बसले आणि मनाशी ठरवून टाकलं, हा पेपर गेला तर कॉलेज सोडायचं आणि अब्बांच्या गादीच्या दुकानात बसायचं. विज्ञानात पुन्हा नापास होऊन तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती.

नाना मूळचे सोनगीरचे. वर्गात प्रमाण मराठी बोलतात, पण रंगात आले की अहिराणीवर येतात. प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्यांच्या पिशवीत कांदे, केळी आणि कापसाची बोंडं असत. त्यांचा नियम एकच होता, “जे दिसस तेच काढा.” आमची खोड अशी, की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि चित्र मात्र गाईडमधलं उतरवायचं. मग कांद्याच्या पांढऱ्या पापुद्र्यातही सगळ्यांच्या वहीत झाडाच्या पानातले हिरवे कण! नाना त्यांवर गोल करून लिहीत, “हा कांदा हिरवा कधी झाला?” वाणिज्यवाल्यांच्या वह्या तर अशा गोलांनी भरलेल्या होत्या.

परीक्षेला कांद्याचा पापुद्राच आला. मी काच तयार केली, डोळा लावला आणि पाहिलं. जाड काळ्या कडेचं एक वर्तुळ, बाकी काही नाही. शेजारच्या बाकांवर हिरवे कण झरझर उमटत होते. गाईडमधलं चित्र मलाही तोंडपाठ होतं. पण नाना समोरच उभे होते हो! मी निमूटपणे ते काळं वर्तुळ काढलं.

बाहेरून आलेले परीक्षक हसले, “ही पेशी? अहो, हा हवेचा बुडबुडा आहे!” माझे डोळे भरून आले. झालं, आता दुकान. नानांनी माझ्या सूक्ष्मदर्शकात वाकून पाहिलं आणि म्हणाले, “बुडबुडाच आहे. पण हिच्या काचेवर तोच आहे. या ओळीत खरं चित्र हिनेच काढलंय. वेळ शिल्लक आहे, पुन्हा करू द्या हिला.” परीक्षकांनी मान डोलावली. मग नाना माझ्याकडे वळले, “शहनाज, गादीवर चादर कशी टाकतेस?” एका कडेने, हळूहळू, खाली हवा राहू न देता. तशीच मी पापुद्र्यावर झाकायची पातळ काच सुईच्या टोकावर टेकवली आणि हळूच खाली आणली. पाहते तर काय, विटांच्या भिंतीसारख्या पेशी! मी परीक्षेतच “अगं बाई!” ओरडले. पास झाले, हे सांगायला नकोच.

निकालानंतर नाना स्कूटरवर सूक्ष्मदर्शक घेऊन थेट आमच्या दुकानात आले. काचेवर कापसाचा एक तंतू ठेवला आणि अब्बांना म्हणाले, “भाऊ, हाऊ एक तंतू म्हणजे एकच पेशी शे.” अब्बा कितीतरी वेळ डोळा लावून होते. मग म्हणाले, “मंग आखी जिंदगी मी पेशीच पिंजी ऱ्हायनू का, नाना?” दोघं इतके हसले की समोरचा चहावाला धावत आला. माझ्या विषयाबद्दल अब्बा माझ्याशी बोलले, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आज मी बी.एड. करतेय. सरावाच्या पाठात मुलांना निबंध सांगताना तोंडातून नानांचंच वाक्य निघतं, फक्त ‘काढा’च्या जागी ‘लिहा’: “जे दिसस तेच लिहा.”

नाना, तुमच्या साठीसाठी अब्बांनी स्वतः कापूस पिंजून रजई भरली आहे. तिच्यात पेशी किती, हे आता तुम्हीच मोजा. एकेक तंतू काचेवर ठेवून, तुमच्याच नियमाने, अंदाज न करता. आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत ठणठणीत राहा. आम्हाला मुळीच घाई नाही.