हलेल ते बांधायचं

खिशात कायम दोरी, म्हणून सगळे त्यांना दोरीकाका म्हणत. घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं लोकांचे संसार खोक्यांत भरले. आरसे, झुंबरं, काचेची कपाटं, एकदा तर माशांसकट माशांची पेटी. कामाला नवं कुणी लागलं की ते पहिल्या दिवशी दोनच गोष्टी शिकवत : हलेल ते बांधायचं, वाजेल ते गुंडाळायचं. बाकी अक्कल आपोआप येते, असं त्यांचं मत होतं. त्यांनी भरलेलं खोकं जिन्यावरून गडगडलं तरी आतली बशी शाबूत निघेल, असं कंपनीत बोललं जाई.

आणि अशा या माणसाने गेल्या वर्षी स्वतःच्या लेकीची सायकल मोडली होती.

लेक सायकल शर्यतीतली. शाळेत असल्यापासून पहाटे उठून रस्ते तुडवायची. गेल्या वर्षी निवडचाचणीसाठी तिला पाच तासांवरच्या गावी जायचं होतं. काकांनी मेव्हण्याची गाडी मागून आणली, टपावर कॅरिअर बसवलं आणि सायकल अशी बांधली की वादळ आलं असतं तर गाडी उडाली असती, सायकल नाही. चाचणीच्या आदल्या दुपारी ते मुक्कामाच्या जागी पोचले. ऊन रणरणत होतं. लेक खोलीची चावी आणायला आत गेली आणि इकडे काकांना वाटलं, सायकल उन्हात का तापवायची, जरा सावलीत लावू. त्यांनी गाडी इमारतीच्या तळघरात वळवली. तळघराच्या तोंडाशी उंच गाड्या अडवणारा आडवा लोखंडी दांडा होता. टपावर सायकल आहे हे ते त्या दोन मिनिटांत साफ विसरले.

दोरी सुटली नाही. एकही गाठ ढिली झाली नाही. कॅरिअर टपातून उपटून निघालं आणि सायकलीची मधली नळी काडीसारखी मोडली. लेक चावी घेऊन बाहेर आली, तिने बघितलं, आणि म्हणाली, "ठीक आहे, बाबा."

बस्स, एवढंच. ना रडली, ना ओरडली, परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर आईने विचारलं तर म्हणाली, "होतं असं." त्या दिवसानंतर घरात तो विषय निघाला नाही. काका मात्र वर्षभर त्या 'ठीक आहे'खाली दबून राहिले. चार शब्द लागट बोलली असती तर परवडलं असतं, असं ते बायकोला एकदा म्हणाले. बायको म्हणाली, "अहो, मग तुम्हीच विषय काढा की." तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती. मेव्हण्याच्या गाडीचा टप ठोकून सरळ झाला, पण काका पुन्हा कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगवर बसले नाहीत.

आता यंदा पुन्हा तीच चाचणी, तेच गाव, मेव्हण्याची तीच गाडी. या वयोगटात लेकीचं हे शेवटचं वर्ष होतं. यंदा चुकलं की तो दरवाजा कायमचा बंद. नवी सायकल तिची स्वतःचीही नव्हती, क्लबातल्या एका थोरल्या ताईने निवृत्त होताना तिला वापरायला दिलेली. त्यात भर म्हणून क्लबातली एक मैत्रीण आईबरोबर आगगाडीने पुढे जाणार होती, तिचीही सायकल यांच्याच गाडीतून न्यायची ठरली. म्हणजे दोन सायकली, आणि दोन्ही दुसऱ्यांच्या. हे ऐकल्यावर काकांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"टपावर नाही," त्यांनी जाहीर केलं. "मागेही लटकवायच्या नाहीत. कुणी मागून ठोकलं तर? आत. गाडीच्या आत."

"आत मावतील का?" लेकीने विचारलं.

"मी आख्खं घर मावतं केलंय," काका म्हणाले, आणि तेवढ्यापुरती त्यांची कॉलर ताठ झाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडीचं मागचं आसन दोन तृतीयांश दुमडलं. खाली जुनी गादी, गादीवर चादर. दोन्ही सायकलींची पुढची चाकं काढली, चाकांना उशांच्या अभ्र्यांत घातलं. पायडलांना आपले जुने मोजे चढवले. चेन जुन्या पायजम्याच्या कापडात गुंडाळली, म्हणजे तेल कुठे लागायला नको. गिअरची बाजू वर ठेवायची, तिच्यावर वजन पडू द्यायचं नाही, हे लेकीने एकदा सांगितलं आणि त्यांनी पाच वेळा पुन्हा विचारून घेतलं. चाक काढलेल्या पुढच्या चिमट्याचे दोन पाय दाबले जाऊ नयेत म्हणून त्यांच्यामध्ये मापाचा लाकडी ठोकळा बसवला. ते कुणीच सांगितलं नव्हतं, ते त्यांना आपसूक सुचलं. लेकीने ठोकळा बघितला आणि "वा, बाबा" म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा.

ती जेवायला वर गेली. काका खालीच राहिले. त्यांनी गाडी हाताने हलवली आणि कान देऊन ऐकलं. कुठेतरी काहीतरी हलत होतं. बराच वेळ शोधल्यावर सापडलं : हँडलाजवळच्या ब्रेकच्या लिव्हर. डुगडुगत होत्या मेल्या. काकांनी चारही लिव्हर हँडलाशी दाबून सुतळीने घट्ट बांधून टाकल्या. मग गाडी पुन्हा हलवली. आता चिडीचूप. तेव्हा कुठे ते जेवायला गेले.

पहाटे निघाले. गाडी लेक चालवत होती, कारण काका स्टिअरिंगवर बसायला तयार नव्हते. बरं, पुढे तिच्या शेजारीही बसेनात. मागच्या आसनाचा जो एक तृतीयांश तुकडा उरला होता त्यात ते अंग चोरून बसले, एक तळवा सायकलीवर ठेवून. आजारी माणसाजवळ बसावं तसे.

"गतिरोधक!" दर दोन मिनिटांनी मागून आरोळी यायची.

"दिसला, बाबा."

"खड्डा!"

"तोही दिसला."

"ट्रकच्या इतकं जवळ नको गं, त्याने ब्रेक मारला तर..."

"बाबा, मला आज शर्यत करायची आहे. डोकं शांत राहू द्या ना."

त्यानंतर आरोळ्या थांबल्या. पण तोंड बंद केलं म्हणून जीव थोडाच थाऱ्यावर येतो? प्रत्येक वळणाला त्यांचा तळवा दाबला जाई. पेट्रोल पंपावर ते उतरले नाहीत, सायकली कुणी पळवल्या तर? लेकीने केळं दिलं ते त्यांनी एका हाताने सोलायचा प्रयत्न केला आणि शेवटी तसंच खिशात ठेवलं. डाव्या पायाला मुंग्या आल्या, पाय बधिर झाला, पण सायकलीवरचा हात निघाला नाही. मनात एकच जप चालू होता : या वेळी नको, या वेळी काही नको.

दहाला पाच मिनिटं कमी असताना ते शर्यतीच्या मैदानावर पोचले. ही शर्यत एकेकटीने करायची, घड्याळाशी. ज्या मिनिटाला तुमचं नाव, त्या मिनिटाला तुम्ही निघालात तर निघालात; घड्याळ कुणासाठी थांबत नाही. लेकीची वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. त्याआधी सायकलची तपासणी, ती पावणेअकराला बंद.

मैत्रीण वाट बघत उभीच होती. काकांनी पहिल्यांदा तिची सायकल उतरवली, गाठी सोडल्या, चाक चिमट्यात सरकवलं. खट्! अर्ध्या मिनिटात सायकल उभी. रंगावर एक ओरखडा नव्हता. "काका, मानलं तुम्हाला!" मैत्रीण म्हणाली. काकांचा जीव भांड्यात पडला. पाच तासांत पहिल्यांदा त्यांनी पूर्ण श्वास घेतला.

मग लेकीची सायकल. काकांनी लिव्हरवरच्या सुतळीसकट सगळ्या गाठी सोडल्या. तिने स्वतः चाक घेतलं, चिमट्यात धरलं, सरकवलं. जाईना. फिरवून पुन्हा सरकवलं. नाही. तिने वाकून बघितलं. मैत्रिणीच्या सायकलीचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, तारेचे, चाकाच्या कडेला धरणारे. लेकीचे ब्रेक निराळे, तेलाच्या दाबावरचे. चाकाला मध्यभागी पोलादी चकती, आणि चिमट्यावरचे दोन पॅड त्या चकतीला दोन्ही बाजूंनी धरणार. चकती शिरायला त्या दोन पॅडमध्ये फट हवी. फट नव्हती. पॅड एकमेकांना चिकटून बसले होते.

"बाबा, ब्रेकची लिव्हर कुणी बांधली होती?"

"मी," काका म्हणाले. "हलत होती."

लेकीने चाक गवतावर ठेवलं आणि उभी राहिली.

"चाक काढल्यावर लिव्हर दाबायची नसते, बाबा! मध्ये चकती नसली की पॅड बंद होतात! तुम्ही रात्रभर दाबून ठेवलीत? आणि मला विचारलं नाहीत! गिअरचं पाच वेळा विचारलंत आणि हे एकदाही नाही!" आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. तिचा आवाज चढतच गेला. "गेल्या वर्षी पण तेच! कुणी सांगितली होती सावली? सायकलला ऊन लागतं का? मी बाहेर आले तर सायकलचे दोन तुकडे! दोन वर्षं राबले होते मी त्या दिवसासाठी! आणि तुमचा चेहरा असा झाला होता की मला धड रडतासुद्धा येईना! सगळ्यांसमोर मीच म्हणत बसले, ठीक आहे, ठीक आहे. काहीही ठीक नव्हतं!"

ती थांबली. तिला धाप लागली होती.

काका जागच्या जागी उभे होते. भर मैदानात सगळ्यांसमोर लेकीने त्यांची अशी सालटी काढली, आणि झालं भलतंच. छातीवरून कुणीतरी कपाट उचलून बाजूला ठेवावं तसं त्यांना झालं. एकदाची बोलली पोरगी.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तेव्हाही, आणि आजही. आता सांग, ते पॅड बाजूला कसे सारायचे?"

"मध्ये काहीतरी सपाट घालून, हळूहळू. आणि पॅडला ओरखडा गेला किंवा तेल लागलं तर ब्रेक कामातून गेले." तिने डोळे पुसले आणि आपल्या पिशवीत शोधाशोध केली. टायर काढायची प्लास्टिकची पट्टी जाड निघाली. मैत्रीण मैदानावरच्या मिस्त्रीकडे धावली आणि तशीच परत आली. त्याच्यापुढे रांग होती. साडेदहा वाजत आले होते.

काकांनी दुसऱ्या खिशात हात घातला. तिथे दोरी नव्हती, केळं होतं, आणि केळ्याखाली दोन लाकडी पाचरी. डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली सारायला त्यांनी त्या जन्मभर जवळ बाळगल्या होत्या. त्यातली एक त्यांनी बाहीला पुसली, खोकी कापायच्या कटरने तासली, टोक कागदासारखं पातळ केलं, आणि लेकीपुढे धरली.

"तू घाल," ते म्हणाले.

लेकीने पाचर बघितली. मग त्यांच्या हातांकडे बघितलं. "तुम्हीच घाला. मी सायकल धरते. वाकडी नको, बाबा. सरळ."

एकतीस वर्षांत काकांनी असं काम केलं नव्हतं. पाचरीचं टोक फटीत शिरलं. त्यांनी जोर लावला नाही, नुसतं दाबून धरलं, थांबले, पुन्हा दाबलं. लेक सायकल घट्ट धरून होती. केसाएवढी फट झाली. मग नखाएवढी. काकांनी पाचर उलटी करून दुसऱ्या बाजूने रेटली, अलगद बाहेर काढली, आणि लेकीने चाक सरकवलं.

खट्.

तिने लिव्हर दाबली. पहिल्यांदा पोकळ गेली, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा चाक जागेवर थबकलं. ती सायकल घेऊन तपासणीकडे धावत सुटली. काका गाडीच्या दारात पाय बाहेर सोडून बसले. ती शेवटून दुसरी आत गेली, हे मैत्रिणीने येऊन सांगितलं तेव्हा त्यांना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

अकरा दहाला लेक निघाली. आठ जणी निवडायच्या होत्या, ती सहावी आली.

दुपारी सायकल घेऊन ती गाडीपाशी आली तेव्हा काका हात पाठीमागे बांधून उभे होते. मैत्रीण आईबरोबर आगगाडीने परत जायची होती, पण तिची सायकल पुन्हा यांच्याच गाडीत. काका म्हणाले, "तुम्ही दोघी बांधा. मी नुसता बघतो."

"आम्हाला कुठे येतं?" लेक म्हणाली आणि त्यांच्याकडे दोरीचं भेंडोळं फेकलं. "बांधा तुम्ही. हलेल ते सगळं बांधा. ब्रेक सोडून."

सायकली आत गेल्या. या वेळी काकांनी पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची दुहेरी घडी सरकवली आणि लिव्हर डुगडुगत राहू दिल्या. बघवत नव्हतं, पण राहू दिल्या. दार लावून ते वळले तर लेक समोर, हातात गाडीची किल्ली.

"माझे पाय गेलेत," ती म्हणाली. "तुम्ही चालवा."

"मी?"

"मग कोण? मी मागे बसते, सायकलींजवळ."

काकांनी किल्ली घेतली. स्टिअरिंगवर बसून आसन पुढे घेतलं, आरसे नीट केले, पुन्हा नीट केले. मागे लेकीने सायकलीवर डोकं टेकून डोळे मिटले होते. गाडी मैदानाच्या फाटकापाशी आली. फाटकावर आडवी लोखंडी कमान होती. काकांनी करकचून ब्रेक दाबला, गाडी थांबवली, दार उघडून खाली उतरले आणि कमानीकडे मान वर करून उभे राहिले.

"बाबा," मागून डोळे न उघडता लेक म्हणाली, "वर काही नाहीये."

"माहीत आहे," काका म्हणाले. तरी त्यांनी टपावरून एकदा हात फिरवला, मगच आत बसले.