टायगरला पाणी पाजून दाखवा

"डॉक्टर, लवकर या. गावानं दूध घालायचं बंद केलंय."

फोनवर भागवतराव होते, वडवणीजवळच्या एका गावातल्या सहकारी दूध सोसायटीचे सेक्रेटरी. मी त्या भागाचा सरकारी पशुवैद्य. मला वाटलं, फॅटवरून भांडण असेल.

पोचलो तर भरलेले कॅन उन्हात आणि माणसं लिंबाखाली. एकाच्या हातात काठी. सगळे बघत होते डेअरीला लागून असलेल्या भागवतरावांच्या ओसरीकडं. तिथं पिंजरा होता आणि पिंजऱ्यात त्यांचा पाळीव कुत्रा, टायगर.

पिंजरा मीच सुचवलेला. दुष्काळाचं वर्ष. पाण्याचा टँकर आला की हॉर्न, घागरींची आदळआपट, शिवीगाळ. टायगर थरथर कापायचा, वाट फुटेल तिकडं पळायचा. म्हटलं, त्याला हक्काचा कोपरा द्या. वरून पोतं टाका, आत गोधडी घाला, भाकरी तिथंच द्या, दार कायम उघडं ठेवा. याला क्रेट म्हणतात. भागवतरावांनी सगळं ऐकलं आणि वर दाराला कुलूप घातलं. पिंजरा म्हटल्यावर कुलूप नको का?

आमच्याकडं कुत्रं कोंडतात ते एकाच संशयानं. पिसाळल्याच्या.

"अंधारात दडून बसतंय," काठीवाला म्हणाला. "टँकर आला की पाण्याला भेऊन पळतंय. आन् तुमी म्हणता चांगलं हाय?"

"पाण्याला नाही, आवाजाला भितंय. कुणाला चावलेलं नाही. लस मी स्वतः दिलीय."

"मंग कुलूप कावून?" गयाबाई म्हणाल्या. त्या वर्षी त्यांचं घर एका म्हशीच्या दुधावर चाललं होतं. "त्याची लाळ माज्या दुधात पडली म्हंजी? आदी त्याचा निकाल लावा."

काठीवाला पुढं सरकला. मी पिंजऱ्यासमोर आडवा उभा राहिलो. खरं सांगतो, माझ्याही मनात पाल चुकचुकली. लस दिली म्हणून शंभर टक्के खात्री कोण देणार? वाकून त्याचे डोळे पाहिले, जबडा पाहिला. लाळ नव्हती.

कुलूप काढायला लावलं. टायगर बाहेर येईना. माणसं मागं सरली.

"पाणी पेतंय का बगा," गयाबाई म्हणाल्या. "न्हाई पेलं तर सायेब, तुमी मधी यायचं न्हाई."

त्यांनी स्वतःच्या घागरीतलं तांब्याभर पाणी परातीत ओतलं. टायगर दबकत आला. हुंगलं. मग परात कोरडी होईपर्यंत चाटली आणि आपल्या पायानं परत गोधडीवर जाऊन पडला.

पहिला कॅन गयाबाईंनीच काट्यावर ठेवला.

मी भागवतरावांना बाजूला घेतलं. "दहा दिवस त्याला साखळीनं पिंजऱ्यापाशीच ठेवा. कुणी हात लावायचा नाही. मी रोज येऊन बघणार. पिसाळलं असेल तर तेवढ्यात कळतं."

"आता कावून? पेलं की पाणी."

"पिसाळलेलं कुत्रंही पाणी पितं. पाण्याची भीती वाटते ती हा रोग झालेल्या माणसाला."

त्यांचा चेहरा पडला. "हे लोकांम्होरं बोलू नका, सायेब."

टायगर दहाही दिवस ठणठणीत राहिला. गावाची खात्री मात्र तांब्याभर पाण्यात झाली होती. दुष्काळात लोक डॉक्टरपेक्षा पाण्याचं ऐकतात.