गुंड्याचं परळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर लिहिलं ते माहेरच्या पत्रांपुरतं. पण तोंडानं सांगण्यापेक्षा हे बरं – लिहिताना निदान समोर कुणाचा चेहरा नसतो.

गुंड्या मामांचा कुत्रा. मामा म्हणजे माझे सासरे. उमरीहून लग्न होऊन मी लातूरला आले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. बदामी रंग, एक कान कायम पडलेला. मला माणसांत बोलायचं सुचायचं नाही. विहिरीवर बाया हसायच्या, "मुकीच करून आणली का गं ही?" मी घागर भरायची आणि परतीच्या वाटेनं गुंड्याशी बोलत यायची. आईची आठवण, करपलेली भाकरी, सगळं त्यालाच. तो पडका कान हलवायचा. कुठल्या गल्लीतून बाजार जवळ, कुठल्या दारात गाय मारकी – हे लातूर मला त्यानंच दाखवलं. किती बरे दिवस होते ते!

मग लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या. बदलीवर आलेली माणसं खोल्या शोधत फिरायची. आमची पुढची खोली एका कारकुनाच्या कुटुंबानं घेतली. आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला. विहिरीचा तळ दिसला, गल्लीत टँकर यायला लागला.

त्याच उन्हाळ्यात गुंड्याला लघवी आवरेना. बारा वर्षांचा झाला होता. झोपेतच व्हायची. उठला की ओलं पोतं बघायचा – आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. कुत्र्याला लाज असते का? त्याला होती. मी पोत्याखाली चुलीतली राख पसरायची, ओलं झालेलं उन्हात टाकायची, दुसरं अंथरायची. एवढं करायला पाणीसुद्धा लागत नव्हतं. चाललं होतं की – हे मुद्दाम लिहिते, चाललं होतं.

मामा रोज अंघोळ करून लिंगपूजेला बसत. टंचाईत त्यांची अंघोळ दोन तांब्यांवर आली होती. त्यातलाही एक तांब्या ते माझ्या हातात द्यायचे. "पोरी, हे गुंड्याच्या परळात वत. आमी दोघं म्हातारे एका तांब्याचे भाऊ हाव." आणि हसायचे. त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. ते मातीचं पसरट परळ भरलं की कोरडं, ते त्यांना माझ्याच तोंडून कळायचं.

एका सकाळी कारकुनाच्या बायकोनं नाकाला पदर लावून विचारलं, "घरात तान्हं बाळ आहे का हो? वास येतो, म्हणून म्हटलं." तिला काय ठाऊक? माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. मी तशीच आत आले. पण तिच्यावरचा राग मी कुणावर काढला?

दुसऱ्या दिवशी मामांनी दिलेला तांब्या मी रांजणात ओतला.

कमी प्याला की कमी ओलं करील – एवढंच डोक्यात. सकाळी घोटभर द्यायची, बस्स. संध्याकाळी मामा विचारायचे, "पाजलं का गं?"

"हाव, मामा."

"घटाघटा पेला?"

"हाव."

ओलं होणं काही थांबलं नाही. लघवी गडद झाली, वास उलट वाढला. तेव्हा तरी मी शहाणं व्हावं की नाही? मी तो घोटही बंद केला. गुंड्या रांजणाची पाझरलेली बाजू चाटायचा. मोरीतला ओला दगड चाटायचा. मग उठेनासा झाला. तरी मी आले की कान हलवायचा.

तो गेला तेव्हा मामा म्हणाले, दुष्काळानं नेला. आल्यागेल्याला सांगायचे, "माणसं माणसाला पाणी देईनात, पण आमच्या सुनंनं कुत्र्याला शेवटपर्यंत पाजलं." कारकुनाची बायकोही ते ऐकून माझ्याकडे आदरानं बघायला लागली. मी मान खाली घालायची. सगळ्यांना वाटायचं, लाजली.

गुंड्या गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मामांनी सवयीनं तांब्या पुढं केला. मग थांबले. "बेलाला घाल," म्हणाले. पुढं चार वर्षांनी तेही गेले. मी सांगितलं नाही.

दुष्काळ होता, ते खरं. पण आमच्या घरात पाणी होतं. त्या सगळ्या दिवसांत रांजण कधी अर्ध्याखाली गेला नाही. गुंड्यानं तोंड घालू नये म्हणून झाकणावर जड पाटा ठेवलेला होता – तो मीच ठेवला होता.