निवाड्यातली बाई

कायद्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. आमच्या आप्पांनाही, म्हणजे वडलांनाही, ते ठाऊक होतं, तरी ते चढले. शेजारच्यानं आमच्या शेताची वाट बोराटीचे काटे टाकून बंद केली, मग दुसरं करणार काय? वाट त्याच्या रानातून जायची. आजोबांच्या आधीपासून आमच्या बैलगाड्या तिथूनच जात, पण कागदावर तिची साधी रेघही नव्हती. "ओढ्यातून जा की," तो म्हणाला. ओढ्यातून जाता येतं, खोटं कशाला बोलू. पण त्याला गुडघे लागतात, आणि आमच्या अव्वाचे, म्हणजे आईचे, गुडघे कधीच गेलेत.

तारखांवर तारखा पडत गेल्या आणि निकालाच्या आधी आप्पाच गेले.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवतात, कपाळाला विभूती लावतात, फुलांनी सजवलेल्या पालखीतून, तिला विमान म्हणतात, मिरवत नेतात आणि त्याच्याच रानात पुरतात. विमान त्या बंद वाटेशी आलं. शेजारी तिथं उभाच होता. त्यानं स्वतःच्या हातानं बोराटी बाजूला ओढली आणि हात जोडले. मयताला कुणी अडवत नाही, वैऱ्याच्याही नाही, हा आमच्याकडचा रिवाज. आप्पा डोळे मिटून, ताठ बसून त्याच्यासमोरून गेले. माती देऊन आम्ही त्याच वाटेनं परत निघालो. अव्वा सगळ्यांत मागं होती. ती बाहेर पडली तसे तिच्या पाठीमागं काटे सरकल्याचा आवाज आला. शेजारी रागावलेला दिसला नाही.

त्यानंतर दर सोमवारी समाधीवर बेल वाहायला मी ओढ्यातून जाऊ लागलो. अव्वा काठापर्यंत यायची आणि पलीकडं बघत उभी राहायची. "एकदा मला तिथं बसू दे," एवढंच तिचं मागणं होतं. त्यासाठीच ती माझ्याबरोबर तारखेला यायला लागली. गुडघे धरून जीपमध्ये चढायची, पण यायची.

पहिल्याच तारखेला विचित्र झालं. भर दुपार, व्हरांडा माणसांनी भरलेला. शिपाई दारात आला आणि त्यानं आप्पांच्या नावाचा पुकारा केला. आप्पा गेल्याचं अजून कोर्टाच्या कागदावर आलंच नव्हतं. मी पुढं होऊन बोलणार, तोच अव्वानं माझ्या तोंडावर हात दाबला. मेलेल्याच्या नावानं हाक आली तर ओ देऊ नये, देणारा त्याच्यामागं जातो, असं आमच्याकडं मानतात. ती माहेरची सीमेवरची, घाबरली की कानडीत बोलते. "ब्याड, ब्याड," म्हणाली. नको, नको. शिपायानं दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. मी पदवी घेतलेला माणूस, असल्या गोष्टींना हसणारा. पण तिसऱ्या पुकाऱ्यानंतर व्हरांड्याच्या टोकाकडं कुणी येतंय का, ते मी वळून पाहिलं.

आमचे वकील कोट सावरत धावत आले. "अहो, हजर म्हणायचं! गैरहजेरीत दावा निघून जाईल!"

"साहेब, त्यांना आसं बोलवू नका," अव्वा म्हणाली. "ते येतील."

वकिलांनी मग वारस म्हणून आमची नावं लावली. आप्पांच्या नावाआधी 'मयत' आलं, पण पुकारा त्यांच्याच नावानं होत राहिला. मी 'हजर' म्हणायचो, आणि दर वेळी व्हरांड्याच्या टोकाकडं बघायचो. वकील मात्र खुशीत होते. अख्ख्या गावानं विमान त्या वाटेनं जाताना पाहिलं, वहिवाटीला याहून मोठा पुरावा कुठला, म्हणाले. आम्हीही हुरळलो. तेवढ्यात समोरच्या वकिलानं वरच्या कोर्टाचा एक जुना निवाडा दाखल केला.

त्याची झेरॉक्स घेऊन मी कोर्टाच्या पायरीवर वाचत बसलो. त्यातही वाट होती. त्यातही दुसऱ्याचं रान होतं आणि कडेला ओढा होता. दावा लावणारा खटला चालू असतानाच वारलेला. त्याला त्याच वाटेनं नेऊन त्याच्याच रानात पुरलेलं. शेजाऱ्यानं कुंपण आपल्या हातानं उघडलेलं. मागं बायको, वारस म्हणून. मी जन्मलोही नव्हतो तेव्हाची ही माणसं. आपलं आयुष्य आधीच कुणीतरी जगून ठेवलंय असं वाटलं.

"ही माणसं आमची कोण?" मी वकिलांवर चिडलो. "त्यांचा निकाल आमच्या बोकांडी कशाला?"

"वरच्या कोर्टानं एकदा ठरवलं, की तशा सगळ्या प्रकरणांना तेच लागतं."

"मग तारखेला यायचं कशाला आम्ही?"

"आपलं प्रकरण वेगळं कसं, ते दाखवायला. सांगा, काय वेगळं आहे?"

मी पुष्कळ डोकं खाजवलं. त्यांच्या रानात ज्वारी होती, आमच्यात सोयाबीन. वकील म्हणाले, पिकानं फरक पडत नाही.

आता अव्वानं विचारलं, "काय म्हणालं कोरट त्यास्नी?"

"माणुसकीनं दिलेली वाट हक्काची होत नाही, असं," वकील म्हणाले. "आणि ओढ्यातून दुसरी वाट आहेच की, असं."

"आन् त्या बाईचं काय झालं?"

मी कागद घडी करायला लागलो. पहिल्या पानावर त्या बाईच्या नावाआधीही 'मयत' होतं, आणि ते अव्वाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. वकिलांना काय त्याचं. "अपील चालू असतानाच वारली ती, मावशी."

"मग तिला कुठून नेलं?"

"निवाड्यात ते नसतं."

"नवऱ्याकडंच नेलं असंल," अव्वा म्हणाली. "त्याच वाटेनं. मयताला कोण अडवतंय?"

वकील हसले. "ते तर कुणीच अडवत नाही."

अव्वानं मान हलवली, जणू निकाल लागला. परतीच्या जीपमध्ये मी बडबडत होतो: वरचं कोर्ट, दुसरा वकील, तहसीलदाराकडं अर्ज. ती ऐकत नव्हती. गाव जवळ आल्यावर माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "जायला वाट हाय, लेका. आपुन परतायची मागत हुतो, म्हणून कोरट लागलं."

मी तिचा हात घट्ट धरला. ती खिडकीतून रानाकडं बघत होती, आणि आप्पा गेल्यापासून इतकी निवांत मी तिला पाहिली नव्हती.