माहुलच्या दारात, पाणी पिण्याआधी

रविवारी सकाळी बोरीवलीहून माहुलला निघाले तेव्हा वही पिशवीत आहे ना, हे मी तीनदा तपासलं. बेचाळिसाव्या वर्षी गृहपाठाची भीती वाटावी, हे लिहायलाही लाज वाटते.

मी नर्स आहे. जर्मनीत नोकरी मिळावी म्हणून अंधेरीच्या एका क्लासात जर्मन शिकते. सुषमाही नर्स, त्याच क्लासातली. पुढच्या आठवड्यातल्या तोंडी परीक्षेत आमची जोडी. ती रुसली तर माझी वाट लागली. सरांनी काम दिलं होतं: एकमेकींच्या घरी जायचं आणि पहिली छाप जर्मनमध्ये लिहायची, तीही पाणी पिण्याआधी. "एकदा पाणी प्यायलात की तुम्ही खरं बोलत नाही," असं सरांचं म्हणणं. सुषमा मागच्या रविवारी आमच्याकडे येऊन गेली होती.

कुर्ल्याहून बस धरली. चेंबूर मागे पडलं आणि रस्त्याच्या कडेने तेलाच्या टाक्या सुरू झाल्या. खिडकीतून उग्र वास आत आला.

"काही गळतंय का हो?" मी शेजारच्या बाईंना विचारलं.

"रोजचंच आहे," म्हणून त्या पुन्हा डुलक्या घेऊ लागल्या. मला मात्र कुठे काडी पडली तर काय, हेच सुचत राहिलं. त्या नादात एक थांबा पुढे उतरले आणि उन्हात तेवढंच मागे चालत आले.

गावठाणापाशी खाडी दिसली. चिखलात होड्या, दोऱ्यांवर बोंबील, खाली पसरलेला जवळा (बारीक कोळंबी). नाकाला ओढणी लावायचा मोह कसाबसा आवरला. सुषमाच्या दारात उभ्यानेच वही काढली. मराठीत मी गोड बोलण्यात पटाईत, पण जर्मनमध्ये ती सोय नाही. येत होतं तेवढं लिहिलं: 'एस श्टिंक्ट. इश हाबे आंग्स्ट.' (घाण वास येतो. मला भीती वाटते.)

"काय लिवलंस गं बाय?" सुषमाच्या आईने तांब्या पुढे करत विचारलं.

थाप मारणं शक्य नव्हतं. शेजारी सुषमा उभी होती आणि तिचं जर्मन माझ्याहून चांगलं. वाचून दाखवलं. सुषमाने एक शब्द न गाळता आईला अर्थ सांगितला.

"खोटं काय त्यात?" आई म्हणाल्या. "भ्या तर मला पण वाटतं. ही तिकडं गेली की हिला बघून लोक असंच लिवतील, त्याचं."

मग त्यांनी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढली. चव झकास होती, पण मी अर्ध्या भाकरीवरच हात धुतला.

बसथांब्यावर मी विचारलं, "सुषमा, माझ्या घराबद्दल तू काय लिहिलंस?"

"'आलेस श्योन.' (सगळं छान.)"

"खरं सांग ना."

"खरं लिहायला घाबरले, यार. पाण्याआधीच चहा आला. सगळ्यांना कपात, आणि तुझ्या सासूबाईंनी मला एकटीला स्टीलच्या पेल्यात दिला."

बस आली. "परीक्षेला येशील ना?" मी घाईत विचारलं.

"येणार गं. जोडी आहे ना आपली."

परदेशात लोक मला पाहून काय म्हणतील, याची धास्ती मी वर्षभर घेतली होती. बोरीवलीला उतरले तेव्हा त्या धास्तीचं नावही मनात नव्हतं. पेला सासूबाईंनी दिला, हे खरं. पण नंतर तो घासून गॅलरीत वेगळा ठेवला तो मी, कुणी न सांगता. सुषमाने ते पाहिलं का, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.